राजगड : एक अर्धी आणि एक पुरी चढण

वैद्यकाच्या व्यवसायात वीस-बावीस वर्षे गेली की प्रवास या शब्दाचा अर्थ आक्रसत जातो. एखादी परिषद, एखादे लग्नकार्य, फार तर कुलदैवताचे दर्शन. यास्तव आमच्या तालुका शाखेच्या बैठकीत राजगडाचा विषय निघाला, तेव्हा सर्वांत अधिक उत्साह आम्हांसच वाटला हे कबूल केले पाहिजे. निमित्तही चांगले होते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले आणि त्यांत राजगडाचा समावेश झाला. रायगड, प्रतापगड, शिवनेरी ही नावे सर्वतोमुखी असतात. परंतु शिवछत्रपतींच्या राज्याचा कारभार सुमारे पाव शतक ज्या डोंगरावरून चालला, तो राजगड आपल्यापैकी कितीजणांनी पायांखाली घातला आहे, असा प्रश्न एका सभासदाने केला आणि सभागृह काही क्षण शांत झाले.

प्रश्न करणारे हे सभासद म्हणजे औषधी दुकानाचे मालक असलेले आमचे स्नेही. आम्ही सर्व त्यांस अण्णा म्हणतो. वय अठ्ठावन्न, आवाज खणखणीत आणि इतिहासाचे वाचन असे की काढा-आसवांच्या बाटल्या मोजून देताना मध्येच ते सनावळी सांगू लागतात. मार्गशीर्षातील एक रविवार ठरला. एकोणीसजणांनी नावे दिली. हेमंत ऋतू, बल उत्तम, अग्नी प्रदीप्त. व्यायामास याहून योग्य काळ कोणता, असे आम्हीच सूचनापत्रात लिहिले होते. त्याच सूचनापत्रात कोणास हृद्रोग, रक्तदाब अथवा प्रमेह असल्यास कळवावे, एवढी एक ओळ लिहिण्याचे आम्हांस सुचले नाही. एकोणीसपैकी तेराजण चिकित्सक. तेथे असे काय विचारायचे, हा त्यामागील भाव होता.

नसरापूरमार्गे गुंजवणे गावी आम्ही सकाळी साडेसातला पोहोचलो. गावातून वर पाहिले की राजगडाचे आकारमान ध्यानात येते. मध्यभागी उभ्या कड्यांचा बालेकिल्ला आणि त्याच्या तीन बाजूंना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या. समुद्रसपाटीपासून चौदाशे मीटरच्या आसपासची ही उंची. पूर्वी या डोंगरास मुरुंबदेवाचा डोंगर म्हणत. शेजारचा तोरणा हाती आल्यावर तेथे सापडलेल्या धनाचा उपयोग करून महाराजांनी हा डोंगर बांधून काढला, असे परंपरा सांगते. अण्णांनी ही कथा पायथ्याशीच सांगितली आणि चहाचा पेला खाली ठेवून ते सर्वांच्या पुढे चालू लागले.

गुंजवण्याची वाट प्रथम झाडीतून आणि मग खड्या सोंडेवरून चढते. शेवटी कातळात खोदलेल्या पावठ्या आणि आधाराचे लोखंडी कठडे धरून चोरदरवाजातून थेट पद्मावती माचीवर प्रवेश होतो. वाटेत कारवी, करवंद, अंजनी, जांभूळ यांची ओळख विद्यार्थ्यांप्रमाणे एकमेकांस करून देत आम्ही निघालो होतो. कोणी तरी संजीवनी माचीवर संजीवनी वनस्पती मिळते काय, असा विनोद केला. वैद्यांच्या सहलीत तो होणारच होता. तास सव्वा तास झाला असेल. पुढे असणारे अण्णा आता आमच्या बरोबरीने, मग आमच्या मागे चालताना दिसले. मुख्य म्हणजे ते बोलेनासे झाले होते.

एका वळणावर ते खडकावर टेकले. कपाळावर घाम होता. चढण चढताना घाम कोणास येत नाही? आम्ही विचारले, तर म्हणाले, “काही नाही डॉक्टर, पित्त चढलंय. सकाळी पोहे तिखट होते. छातीत जळजळतंय, आंबट येतंय घशाशी. सूतशेखर आहे का पिशवीत?”

पिशवीत सूतशेखर होते. आम्ही दोन गोळ्या दिल्या, पाणी पाजले, दहा मिनिटे बसविले, आणि त्यांस बरे वाटताच त्यांच्यासह पुन्हा चढू लागलो.

वाचक वैद्यबंधुभगिनींनी येथे थोडे थांबावे, कारण हा सारा लेख आम्ही या एका परिच्छेदासाठी लिहीत आहोत. चरकांनी सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात पित्तज हृद्रोगाची लक्षणे सांगितली आहेत. हृदयाच्या ठिकाणी दाह, तोंडास कडवटपणा, कडू-आंबट उद्गार, क्लम, तृष्णा, भ्रम, मूर्च्छा, स्वेद. पदवीच्या परीक्षेत हा प्रश्न आम्हांस आला होता आणि त्याचे पूर्ण गुणही मिळाले होते. अण्णांच्या त्या तीन वाक्यांत यांपैकी निम्मी लक्षणे होती आणि उरलेली त्यांच्या मुद्रेवर दिसत होती. आम्ही ऐकला तो मात्र ‘पित्त’ हा एकच शब्द. रुग्णाने स्वतःच केलेले निदान आम्ही स्वीकारले आणि त्याने स्वतःच सुचविलेले औषध दिले. आम्ही नाडी पाहिली नाही. वेदना कोठे, कोठवर जाते, थांबल्यावर कमी होते का, यांतील एकही प्रश्न केला नाही. ओपीडीत एखाद्या अपरिचित रुग्णास आम्ही असे केले नसते, स्नेह्यास केले.

पुढची वीस मिनिटे आम्हांस अद्याप नीट आठवतात. चोरदरवाजाच्या कातळाखाली एक लहानशी सपाटी आहे. तेथे गावातील एक मावशी ताकाचा हंडा घेऊन बसल्या होत्या. अण्णा तेथपर्यंत आले आणि डाव्या हाताने जबडा दाबीत उभे राहिले. घाम आता थंड होता. आम्ही काही बोलण्यापूर्वीच मावशी म्हणाल्या, “ह्यांना वर नेऊ नका. असाच एक बाप्या मागं इथं बसला होता.” त्यांस ना चरक ठाऊक, ना हृद्रोगाचे भेद. त्यांनी मुद्रा पाहिली होती, आणि ती त्या दररोज शेकडो माणसांची पाहतात.

आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ वैद्य, ज्यांस आम्ही दादा म्हणतो, ते मागून येऊन पोहोचले. त्यांनी एक शब्द न बोलता अण्णांचा हात हाती घेतला, मग आमच्याकडे पाहिले. त्या दृष्टीत रोष नव्हता; रोष असता तर बरे वाटले असते. त्यांनी अण्णांना अर्धवट बसत्या स्थितीत टेकविले, गळ्याची गुंडी सोडली आणि एक पाऊलही चालायचे नाही असे बजावले. सुदैवाने मंडळीतील एका सभासदाजवळ स्वतःच्या नित्य औषधांत ॲस्पिरिन होते. ते चावून खाण्यास दिले. मोबाइलला तेथे संपर्क मिळत नव्हता. मावशींचा मुलगा खाली धावत गेला, त्याने १०८ क्रमांकास कळविले आणि परतताना चार तरुण, दोन बांबू व एक घोंगडे घेऊन आला.

अण्णा झोळीत पडण्यास तयार नव्हते. चोरदरवाजा समोर दिसत होता. “एवढा आलो आणि अर्ध्यातून परत फिरू? दहा मिनिटांचं काम आहे,” असे ते क्षीण आवाजात म्हणत राहिले. दादा खाली वाकून म्हणाले, “अण्णा, १६६५ च्या जूनमध्ये पुरंदरला काय झालं?”

अण्णांनी डोळे मिटून उत्तर दिले, “तह झाला. तेवीस किल्ले दिले.”

“ठेवले किती?”

“बारा.”

“त्या बारांत हा होता की नाही? मग हा कुठं जात नाही. चला खाली.”

पायथ्याशी येण्यास दोन तास लागले. त्या वाटेने घोंगड्यातून माणूस उतरविणे म्हणजे काय, हे लिहून कळणार नाही. त्या चार तरुणांनी एकदाही झोळी खाली टेकू दिली नाही, आणि पैसे पुढे करताच चौघेही वळून चालू लागले. रुग्णवाहिका उभी होती. नसरापुरात हृदयालेख काढला गेला, पुण्यात दुपारी अँजिओप्लास्टी झाली. डावी पुढील रोहिणी जवळजवळ बंद झालेली होती. रात्री अण्णांच्या पत्नींकडून कळले ते अधिक अस्वस्थ करणारे होते. गेले तीन आठवडे दुकानाचा माळा चढताना त्यांस हीच जळजळ होत होती, आणि स्वतःच्याच दुकानातील बरणीतून ते दररोज दोन गोळ्या घेत होते. बरणी हाताशी, लक्षण ओळखीचे, आणि विचारण्यासारखे वैद्य दिवसातून दहा वेळा दुकानात येणारे. त्यांत आम्हीही होतो.

पुढील काही दिवस आम्ही दोन प्रकारचे वाचन केले. एक अर्थातच व्यायामाचे. अर्धशक्ती व्यायाम हा शब्द आपण रुग्णांस दिवसातून अनेकदा सांगतो. हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागला, की बलाचे अर्ध झाले असे सुश्रुतांनी म्हटले आहे. कपाळ, नासिका, काखा व सांधे यांवरील स्वेद आणि मुखशोष ही गमके टीकाकारांनी सांगितली. वाग्भटांनी अतिव्यायाम करणाऱ्यास हत्ती ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. हे सारे ज्ञात असूनही एकोणीसजणांच्या गटात अर्धशक्ती कोणाची मोजायची? आमची सर्वांची चाल सर्वांत पुढे असणाऱ्याच्या बलावर ठरली होती आणि मागे पडणारा लाजेने पाय उचलीत होता. शास्त्राने बल प्रत्येकाचे वेगळे मानले आहे, आणि अर्धही प्रत्येकाचे वेगळे.

दुसरे वाचन रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचे. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथातील दुर्गप्रकरण प्रत्येक वैद्याने एकवार वाचावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. शिवकालापासून राजकारण जवळून पाहिलेल्या या मुत्सद्द्याने गड कसा राखावा हे सांगताना तोफा आणि तटांइतकेच महत्त्व पाण्यास दिले आहे. आधी पाणी पाहावे आणि मग गड बांधावा. पाणी नसेल आणि स्थळ सोडण्याजोगे नसेल तर खडक फोडून टाकी बांधावीत. झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण युद्धात तोफांच्या हादऱ्यांनी झरे आटतात. गडावरील केरकचरा खाली न फेकता जागच्या जागी जाळावा आणि ती राख परसात टाकून भाजीपाला करावा, हेही तेथे आहे. स्वस्थवृत्ताच्या अध्यापकाने यात काय जोडावे? गडाला एकच दरवाजा हा मोठा दोष मानून अधिक दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवण्याची सूचनाही तेथेच आहे. आम्ही ज्याच्या पायथ्याशी थांबलो, त्या चोरदरवाजाचे प्रयोजन अशा विचारात असते.

आणि याच प्रकरणात, गडावर संग्रही ठेवावयाच्या माणसांत, ज्योतिषी आणि वैदिकांच्या बरोबरीने रसायनवैद्य, झाडपाल्याचे वैद्य, शस्त्रवैद्य आणि जखमा बांधणारे यांची गणना आहे. त्यांच्याच पुढे लोहार, सुतार, पाथरवट येतात. ते वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. रसशास्त्र, वनौषधी आणि शल्य यांची अशी स्वतंत्र नोंद एका राजकारण्याने करावी, आणि आमच्या एकोणीसांच्या मेळ्यात तेरा वैद्य असताना एकही त्या दिवशी संग्रही असल्यासारखा वागू नये! तेथील वैद्य सहलीस आलेला नव्हता. वेढा पडला तर त्याच्या पिशवीत जे असेल तेवढ्यावरच माणसे जगणार होती.

माघात आम्ही पुन्हा निघालो. या खेपेस सातजण, आणि प्रत्येकाचा रक्तदाब आदल्या आठवड्यात मोजलेला. पाली दरवाजाची वाट निवडली. ही राजमार्गाची वाट. रुंद पायऱ्या, आणि पहिला दरवाजा तर अंबारीसह हत्ती जावा एवढा उंच. दादा सर्वांच्या पुढे, आणि नियम असा की दादांना कोणी ओलांडायचे नाही. त्यांचे वय एकाहत्तर असल्याने हा नियम पाळणे तरुणांस जड गेले, पण कोणीही तोंडाने श्वास घेताना दिसला नाही. अण्णा बरोबर होते. मोटारीने पायथ्यापर्यंत यावयास त्यांच्या हृद्रोगतज्ज्ञांनी अनुमती दिली होती. एका घराच्या ओसरीवर त्यांस बसवून आम्ही वर गेलो.

संजीवनी माची प्रथम पाहिली. जवळजवळ अडीच किलोमीटर लांबीची ही अरुंद सोंड दुहेरी तटाने बांधलेली आहे. दोन तटांमधील खोल बोळ आणि बुरुजांस बाहेरून पुन्हा घातलेले चिलखत पाहताना त्या स्थपतींविषयी आदर दाटून येतो. बाहेरचा तट पडला तरी शत्रू आत आला असे होत नाही. तो दोन भिंतींच्या मध्ये सापडतो. औरंगजेबाने १७०४ मध्ये हा गड घेतला आणि त्याचे नाव नबीशाहगड ठेवले, पण तीन वर्षांतच तो पुन्हा मराठ्यांकडे आला. सुवेळा माचीवरील नेढे, म्हणजे खडकाला आरपार पडलेले प्रचंड भोक, लांबूनच पाहिले. तिकडे आग्या मोहोळांची पोळी होती आणि मंडळीत दोघे अत्तर लावून आले होते.

पद्मावती माचीवर तळे आहे, पद्मावती देवीचे मंदिर आहे आणि त्या परिसरातच सईबाईसाहेबांची समाधी आहे. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर त्यांचे निधन झाले. शंभूराजे तेव्हा सव्वादोन वर्षांचे होते, आणि अफजलखानाची स्वारी दाराशी आलेली होती. प्रतापगडाचा प्रसंग त्यानंतर दोनच महिन्यांनी, १० नोव्हेंबरला घडला. शाळेत आपण खान, वाघनखे, जावळीचे अरण्य हे सारे शिकतो. त्याआधीच्या आठवड्यांत या माचीवर एक आजारी स्त्री होती, हे सहसा कोणी सांगत नाही. आम्ही सातही वैद्य तेथे उभे होतो. त्या शय्येपाशी बसलेला, मात्रा उगाळणारा, दररोज सकाळी नाडी पाहून बाहेर येणारा आणि राजाच्या मुद्रेकडे पाहणे टाळणारा कोणी व्यवसायबंधू आम्हांस स्पष्ट दिसत होता. मार्गशीर्षातील तो प्रसंग घडला नसता तर तो दिसला असता की नाही, कोण जाणे.

याच गडावरून ५ मार्च १६६६ रोजी महाराज आग्र्यास निघाले आणि तेथून सुटून याच गडावर परतले. याच गडावर २४ फेब्रुवारी १६७० रोजी राजारामांचा जन्म झाला. बालेकिल्ल्याची चढण उभी आहे. दादांनी खाली थांबून आम्हां चौघांस वर धाडले. महादरवाजा ओलांडून जननी मंदिर, पुढे चंद्रतळे. तोरणा, सिंहगड, पुरंदर सभोवार दिसत होते. ज्या राजाला इतके शत्रू होते, त्याने पाव शतक याच माथ्यावर का घालविले, हे येथे उभे राहिल्यावर विचारावे लागत नाही.

पिशवीविषयी एक गोष्ट औषधी दुकानदार बंधूंसाठी नमूद करतो. आता आमच्या पिशवीत रक्तदाबमापक, ॲस्पिरिन आणि जलसंजीवनीची पाकिटे असतात. सूतशेखरही असते. ते उत्तम औषध आहे, त्याचा यात दोष नव्हता. परंतु चाळिशी ओलांडलेला जो ग्राहक आठवड्यात दुसऱ्यांदा पित्ताच्या गोळ्या मागतो, त्यास जिना चढताना जळजळ वाढते का, एवढे विचारल्याखेरीज गोळ्या द्यायच्या नाहीत, असे अण्णांनी आपल्या दुकानात ठरविले आहे. कोणी होय म्हटले की ते त्यास आमच्याकडे धाडतात. दोन महिन्यांत असे सहाजण आले. त्यांतील एकाचा हृदयालेख सदोष निघाला आणि आम्ही त्यास त्याच दिवशी पुण्यास धाडले.

उतरून ओसरीवर आलो तेव्हा उन्हे कलली होती. अण्णा यजमानांच्या नातवास पुरंदरच्या तहातील किल्ल्यांची नावे मोजून दाखवीत होते आणि तो मुलगा बोटे धरून बसला होता. आम्हांस पाहताच त्यांनी विचारले, “तळ्यात पाणी आहे ना?”

आम्ही मोबाइलमधील छायाचित्र पुढे धरले. पद्मावती तळे निम्म्याहून अधिक भरलेले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ते बराच वेळ पाहिले, मग बोटांनी मोठे करून पाहिले, आणि म्हणाले, “चोरदरवाजा कुठल्या अंगाला येतो यात?”